बैलाला मदत करायची तर गाडीवानाला वगळून कशी करणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत):

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. सासर सांगली जिल्ह्यातलं, घरचा ऊस, सासरे साखर कारखान्याचे जुने सभासद. गेल्या हंगामात गावी जाताना कारखान्याच्या रस्त्यावर चढाला एक उसाची बैलगाडी अडकलेली दिसली. डावीकडचा बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला होता, गाडीवान त्याची शेपटी पिरगाळत होता. ताईंनी कार थांबवली, गाडीवानाला नको नको ते बोलल्या, व्हिडिओ काढला. गाडीवानाची बायको कडेवर पोर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "ताई, तुमचा व्हिडिओ झाला आसंल तर चाकाला तेवढा दगुड लावा." ते वाक्य ताईंच्या मनातून जात नाही. त्यानंतर त्यांनी कष्टाच्या जनावरांवर फुकट उपचार करणाऱ्या एका संस्थेला दरमहा १५०० रुपये द्यायला सुरुवात केली. आता हातात बोनसचे ५० हजार आहेत आणि तेही संस्थेला द्यावेत असं वाटतंय. सासरे म्हणतात, माणसं उपाशी असताना बैलांना कसले पैसे देतेस. प्राण्यांसाठी काम करणारी एक मैत्रीण उलटंच सांगते, की अशा संस्था बैलाला बरं करून परत जुवालाच जुंपतात, म्हणजे तू अत्याचाराला मदत करतेस, त्यापेक्षा बैल सोडव आणि गोशाळेत दे. ताई विचारतात, देणगी वाढवू, बंद करू, की तेच पैसे ऊसतोड मजुरांच्या मुलांना देऊ?

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकते, देणगी बंद करू नका. पण ५० हजार एकदम देण्याआधी दोन-चार गोष्टी बघा, आणि मुख्य म्हणजे तुम्ही जे तीन पर्याय मांडलेत ना, बैल, किंवा मजूर, किंवा काहीच नाही, ती मांडणीच मला पटत नाही. का ते सविस्तर सांगते.

त्या बाईच्या वाक्याचं तुम्हाला वाईट वाटलं, ती आपल्याला टोचून बोलली असं वाटलं. मला ते वाक्य वेगळं वाटतं. चढावर भरलेली गाडी उभी आहे, एक बैल बसलाय, गाडी मागं सरकली तर दोन्ही बैलांच्या माना आवळल्या जाणार, कदाचित गाडी उलटणार. अशा वेळी सगळ्यात आधी काय करायचं असतं? चाकाला दगड लावायचा असतो. तिला ते माहीत होतं, तिच्या हातात पोर होतं म्हणून तिनं तुम्हाला सांगितलं. त्या क्षणी त्या रस्त्यावर बैलाच्या भल्याचं सगळ्यात शहाणं वाक्य त्या बाईनं बोललंय. बैलाचं दुःख फक्त आपल्याला दिसतं आणि त्याच्या मालकाला दिसत नाही, हे आपण शहरातून जाताना मनाशी धरूनच जातो, आणि तिथंच पहिली गडबड होते.

आता गाडीवानाकडे बघू. मी त्याची बाजू घेत नाहीये. शेपटी पिरगाळणं, पराणी टोचणं हे क्रूर आहे आणि बेकायदाही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले, त्यात टोकदार काठी वापरायला बंदी आहे, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथं तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. साठ वर्षं झाली या नियमांना. तुमच्या गावात किती जणांनी ऐकलेत विचारा एकदा.

पण हा माणूस तिथं कसा आला ते बघा. बीड, जालना, अहिल्यानगर अशा भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, त्यातल्या गाडी सेंटरच्या, म्हणजे ऊस तोडून बैलगाडीनं वाहणाऱ्या टोळीतला हा. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, त्या उचलीतूनच बहुतेक जोडी घेतलेली, चांगल्या जोडीला लाख-सव्वालाख सहज जातात. मग दसऱ्याच्या पुढं बिऱ्हाड गाडीवर टाकून नवराबायको फडावर. पैसे मिळणार टनावर आणि अंतरावर. म्हणजे खेप कमी भरली तर कमाई कमी, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे परत यायचं. पहाटे अंधारात तोड, मग मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, मग कारखाना, मग वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत थांबायचं, कधी रात्रीचे बारा वाजतात. बैल बसला तेव्हा तो माणूस बहुतेक बैलाइतकाच थकलेला असणार. त्यानं भीतीपोटी शेपटी पिरगाळली, कारण तो बैल मेला तर त्याचा हंगाम तिथंच संपतो आणि कर्ज तसंच राहतं.

आणि ताई, हे थोडं कडू वाटेल पण लिहिते, तो ऊस कुणाचा होता? तुमच्या सासऱ्यांचा नसेल त्या दिवशी, पण कुठल्यातरी सासऱ्यांचाच होता. तोड वेळेवर यावी म्हणून आपण चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या तोडीची पाळी बघणाऱ्या माणसाच्या मागं लागतो, टोळीला एन्ट्री (वरचे पैसे) देतो, ऊस वाळला तर वजन घटतं म्हणून गाडी आजच भरून गेली पाहिजे असा हट्ट धरतो. त्या चढावरच्या घाईत शेतकऱ्याची घाई आहे, कारखान्याची आहे, मुकादमाची आहे, आणि ती सगळी मिळून शेवटी त्या डावीकडच्या बैलाच्या मानेवर येते. व्हिडिओत फक्त शेवटचा माणूस दिसतो.

म्हणून सासऱ्यांना उत्तर काय द्यायचं? त्यांना सांगा, बाबा, तो बैल म्हणजेच त्या माणसाचं घर आहे. शहरात आपण "प्राणी" आणि "गरीब माणसं" अशी दोन वेगळी खाती करतो, एका खात्यात दिलं की दुसऱ्यातून गेलं असं वाटतं. फडावर तसं नसतं. बैलाला खुराला जखम झाली आणि डॉक्टरनं दोन दिवसांत बरी केली तर त्या घरात दोन दिवसांनी पैसा यायला लागतो. नाही केली तर गाडी बंद, खासगी डॉक्टरला बोलवायचे पैसे परत मुकादमाकडून, वर व्याज. कष्टाच्या जनावरावर चांगला उपचार ही त्या कुटुंबाला केलेली मदत असते, आणि हे मी भावनेपोटी म्हणत नाही, फडावर कुणालाही विचारा. सासरे शेतकरी आहेत, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांचा विरोध बहुतेक बैलाला नाहीये, शहरातल्या लोकांनी येऊन शिकवण्याला आहे. तो राग समजून घ्या.

आता मैत्रिणीचा मुद्दा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण त्यात तथ्य आहे. बरा करून परत जुंपायचा, मग काय उपयोग? हा प्रश्न नवा नाहीये. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची एक इंग्रज बाई नवऱ्याच्या बदलीमुळे कैरोला गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात वापरलेले हजारो घोडे युद्ध संपल्यावर तिथंच विकून टाकले होते, ते बारा-तेरा वर्षांनी म्हातारे, हाडांचे सापळे होऊन गाड्या ओढत होते. तिनं १९३१ मध्ये इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि पुढच्या तीनेक वर्षांत तिच्या कमिटीनं असे ५००० घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच शक्य होतं. म्हणजे तुमची मैत्रीण म्हणते तसं सोडवणं, तेही मोठ्या प्रमाणावर, तिनं खरंच करून दाखवलं. पण घोडे विकणारे मालक तिला रोज भेटत होते ना. त्यांची गरिबी दिसत होती, आणि हेही दिसत होतं की हा घोडा गेला तरी उद्या दुसरं जनावर याच गाडीला येणार आहे. म्हणून १९३४ मध्ये तिनं कैरोत दवाखाना काढला, गरिबांच्या कष्टाच्या घोड्या-गाढवांवर फुकट उपचार करणारा. ब्रुक ही संस्था त्यातून उभी राहिली, आज ती भारतातही काम करते, वीटभट्ट्यांवरच्या घोडे, खेचरं, गाढवांसाठी. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं हे वाटतं की जिनं ५००० जनावरं विकत घेतली तीच बाई शेवटी मालकापर्यंत येऊन पोचली.

आपल्याकडे बघा. तुम्ही ५० हजार देऊन तो डावीकडचा बैल सोडवला असं समजू. गाडीवान काय करणार? हंगाम अर्धा बाकी आहे, उचल अंगावर आहे. तो तेच पैसे घेऊन बाजाराला जाणार आणि मिळेल तो बैल आणणार, तेवढ्या पैशात कदाचित याच्यापेक्षा कच्चा, अजून जुवाची सवय नसलेला. गोशाळेत एक बैल सुखी आणि चढावर दुसरा. शिवाय गोशाळेत एका बैलाला वर्षानुवर्षं चारा-पाणी लागतं, महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं म्हाताऱ्या, लंगड्या बैलांचं काय करायचं हा प्रश्न मालकांसमोर आधीच मोठा आहे आणि बऱ्याच गोशाळा भरलेल्या आहेत. जो बैल खरोखर कामातून गेलाय, म्हणजे पाय मोडलेला, शिंगाचा कॅन्सर झालेला, आंधळा, त्याला आसरा देणं हे पुण्याचं काम आहे आणि त्यासाठी पैसे लागतात. पण काम करू शकणारी जोडी विकत घेऊन सोडवणं म्हणजे बाजारात एक गिऱ्हाईक वाढवणं.

मग गाड्या बंदच करा? मला मनापासून वाटतं की उसाच्या बैलगाड्या एक दिवस बंद व्हाव्यात. होतही आहेत, ट्रॅक्टर आले, छोट्या ट्रॅक्टरच्या अंगद गाड्या आल्या, तोडणी यंत्रं आली. पण बंदी आणि पर्याय यांच्यामध्ये जी वर्षं जातात त्या वर्षांत जनावर आणि माणूस दोघंही तिथंच असतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या आठवा, २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करा आणि चालक-मालकांच्या पुनर्वसनाचंही बघा असं सांगितलं. बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर यायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात त्या कुटुंबांनी काय खाल्लं असेल?

आणि उपचार करणारा बंदीच्या विरोधात असतो हेही खरं नाही. ॲनिमल राहत ही संस्था २००३ पासून सांगली-सोलापूरकडे काम करते, ती बैलांवर फुकट उपचारही करते आणि गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर यावेत म्हणून प्रयत्नही करते. दोन्ही एकाच वेळी करता येतं. मैत्रिणीला हे सांगा, भांडू नका तिच्याशी, तिच्यासारखी माणसं ओरडतात म्हणून तर कारखाने निदान ऐकून घेतात.

आता तुमच्या संस्थेबद्दल. तुम्ही नाव कळवलं नाहीत ते बरं केलंत, मी सर्टिफिकेट देऊ शकत नाही. पण कुठल्याही संस्थेला मोठी रक्कम देण्याआधी काय विचारायचं ते सांगते, हे बाकी वाचकांनाही उपयोगी पडेल. कागदपत्रं तर बघाच, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए संस्थेसाठी, ८०जी देणगीदारासाठी), ऑडिट झालेला वार्षिक अहवाल. पैसे बँकेतून द्या, २००० च्या वर रोख दिले तर ८०जीची सवलत मिळत नाही, आणि तुम्ही नवीन कर प्रणाली घेतली असेल तर ही सवलत तशीही नाही. पावती आणि करसवलतीसाठीचा देणगीचा दाखला (१०बीई फॉर्म) मागून घ्या. हे झालं. पण कागद चांगले असलेली संस्था काम चांगलं करतेच असं नाही, म्हणून खरे प्रश्न पुढचे आहेत.

त्यांना विचारा, हंगामात तुमचे डॉक्टर फडावर आणि गाडीतळावर किती वाजता असतात? सकाळी अकराला शिबिर लावलं तर तिथं एकही गाडीवान येणार नाही, तो त्या वेळी फडात असतो. जो डॉक्टर संध्याकाळी काट्याच्या रांगेत बॅटरी घेऊन फिरतो तो खरा. विचारा, त्याच बैलाला परत कधी बघता? "यंदा इतक्या हजार जनावरांवर उपचार" असा आकडा सगळेच छापतात. एकदा मलम लावून फोटो काढला तरी आकड्यात एक वाढतोच. आणि विचारा, गाडीवानाशी काय बोलता? नुसते डॉक्टर पाठवणारी संस्था आणि गाडीवानाला सोबत घेणारी संस्था यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तो फरक खांद्यावर दिसतो. जू जिथं टेकतं तिथं मानेवर हात ठेवून बघितलं तर सुरुवातीला नुसती गरम, मऊ सूज लागते. त्या वेळी चार-पाच दिवस जू लावलं नाही, थंड पाण्यानं शेकलं, औषध दिलं, तर बहुतेक वेळा उतरते. तसंच जुंपत राहिलं तर पू होतो, कातडी फाटते, किंवा ती सूज कडक होऊन कायमची आवाळू बनते आणि मग प्रत्येक खेपेला तिथंच घासतं. आता बघा, सूज का आली? कधी जू खडबडीत म्हणून, कधी जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका म्हणून, आणि खूपदा गाडी पुढच्या अंगाला जास्त भरली म्हणून. दोन चाकांच्या गाडीत ऊस पुढं आला की सगळं वजन मानेवर उतरतं, मागं गेला की जू वर उचलतं आणि गळ्याखालची पट्टी आवळते. टायरमध्ये हवा कमी असेल, बेअरिंगला ग्रीस नसेल तर ओढायला आणखी जड. म्हणजे औषध डॉक्टरच्या पेटीत आहे पण दुखण्याचं कारण गाडीच्या भरतीत आहे, टायरच्या हवेत आहे. चांगली संस्था गुळगुळीत जू देते, गाडी कशी भरायची ते दाखवते, हवा भरायचा पंप तळावर ठेवते, पराणी काढून घेऊन नुसत्या आवाजावर बैल कसा चालवायचा ते जुन्या, चांगल्या गाडीवानाकडूनच इतरांना शिकवते. असे गाडीवान असतात हो प्रत्येक तळावर, बैलाला हात न लावता गाडी वळवणारे, त्यांना कुणी विचारत नाही इतकंच. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मुलांनी २०२२ मध्ये उसाच्या गाडीला पुढं आधाराचं तिसरं चाक बसवून दाखवलं होतं, बैलांच्या मानेवरचा भार त्या चाकानं घ्यावा म्हणून. तुमच्याच जिल्ह्यातली मुलं. असल्या कामाला पैसे मिळाले पाहिजेत.

आणि एक नाजूक प्रश्न. डॉक्टर म्हणाले पाच दिवस विश्रांती द्या, तर त्या पाच दिवसांत गाडीवानानं काय करायचं? या प्रश्नावर संस्था काय करते ते नक्की विचारा. कुणी बदली बैल मिळवून देतं, कुणी मुकादमाशी बोलून त्या जोडप्याला तेवढे दिवस नुसत्या तोडणीचं काम मिळवून देतं, कुणी चाऱ्याचा खर्च उचलतं. ज्या संस्थेकडे याचं काहीच उत्तर नाही त्यांचा सल्ला कागदावर राहतो, बैल दुसऱ्या दिवशी जुवाला असतो. तुमच्या ५० हजारांतला काही भाग खास याच कामासाठी द्या असं मी सुचवेन, विश्रांतीच्या दिवसांसाठी. पण अशी अट घालण्याआधी त्यांच्याशी फोनवर बोला, त्यांना ते चालवता येईल का बघा, देणगीदाराच्या हट्टापायी नवीन योजना काढायला लावू नका कुणाला.

आणखी एक विचारायचं राहिलं, विम्याचं. जनावराचा विमा असतो, पण त्याला कानातला बारा अंकी बिल्ला लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो, जनावर मेलं तर पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. गाव बीडमध्ये आणि बैल मेला सांगलीत, अशा वेळी तो माणूस कुणाकडे जाणार? कागद करून देणारा एक कार्यकर्ता संस्थेकडे असेल तर तो डॉक्टरइतकाच कामाचा आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीनं तर हे फार दुखवून शिकवलं.

बैलांऐवजी दुसऱ्या जनावरांबद्दल विचारणारेही असतात, त्यांच्यासाठी थोडं. गाढवांकडे बघा असं मी म्हणेन. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मध्ये देशातली गाढवं तब्बल ६१ टक्क्यांनी घटली, सव्वातीन लाखांवरून सव्वा लाखाच्या आसपास आली. ती वापरणारी माणसं, वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, वीटभट्टीवरचे मजूर, ही आधीच कडेला पडलेली. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो तिथं एकदा जाऊन या, तिथं मालक दात बघून वय सांगतात, पाय चालवून बघतात, गाढवाबद्दलची किती बारीक माहिती या लोकांकडे आहे ते कळतं. पण पाठीवरच्या जखमांवर कुठली पावडर टाकायची, धनुर्वाताचं इंजेक्शन कुठं मिळतं हे सांगायला कुणी नसतं, आणि मग हळद, चुना, कधी गाडीचं जळकं ऑइलही लावलं जातं. नियमानं गाढवाच्या पाठीवर ५० किलोच्या वर ओझं टाकायचं नाही, विटा मोजल्या तर किती होतात बघा. या कामासाठी पैसे देणारे बैलांपेक्षाही कमी आहेत.

आता परत तुमच्याकडे. पैशांच्या पलीकडे तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही देणगीदाराकडे नाहीये, ती म्हणजे घरचा ऊस आणि सासऱ्यांचं सभासदत्व. तुमच्या फडातून मुख्य रस्त्यापर्यंतची पाणंद, म्हणजे शेतातली वाट, कशी आहे? खड्ड्यांची असेल तर गाडी तिथंच निम्मा दम घेते, तोडीच्या आधी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या. विहिरीवर किंवा मोटरीजवळ बैलांना पाणी प्यायला एक हौद बांधा, गाड्या भरायला येतात तेव्हा त्यात पाणी असू दे. आपला ऊस भरताना "अजून चार मोळ्या टाक" असं घरातून कुणी म्हणायचं नाही एवढं ठरवा. सासऱ्यांना म्हणा कारखान्याच्या सभेत दोन गोष्टी मांडा, गाडीतळावर सावली आणि पाणी, आणि सगळ्या बैलगाड्यांना मागून रेडियम. रात्री अंधारात ट्रकनं गाडीला मागून धडक दिली की माणूस आणि बैल दोघंही जातात, आणि रेडियमची पट्टी किती रुपयांची असते! काही कारखाने लावतात, तुमचा लावतो का विचारा. मला खात्री आहे, "बैलांना पैसे" म्हटल्यावर चिडणारे सासरे "आपल्या सभासदांच्या उसाच्या गाड्यांना रेडियम" म्हटल्यावर स्वतः उभे राहतील.

आणि परत असा बैल रस्त्यात बसलेला दिसला तर काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. आधी चाकाला दगड. मग गाडीवानाला म्हणा, दादा, जू सोडू या, आणि स्वतः हात लावा, मागच्या गाड्या थांबवा. मानेवरचा भार उतरल्याशिवाय बैल उठत नाही, वेसण ओढून तर अजिबात नाही. सावली, थोडं थोडं पाणी पाजायचं, डोक्यावर आणि पायांवर पाणी मारायचं, गर्दी लांब करायची. उठला तरी लगेच जुंपायचा नाही, ऊस दुसऱ्या गाडीत घ्यावा लागला तर घ्यायचा. १९६२ या नंबरवर पशुसंवर्धन खात्याचं फिरतं पथक मिळतं, फोन करा आणि डॉक्टर येईपर्यंत थांबा. कुणी मुद्दाम, परत परत छळत असेल, जखमेत पराणी टोचत असेल, तर तक्रार जरूर करा, तिथं दया दाखवायची गरज नाही. पण अडकलेला माणूस आणि छळणारा माणूस यातला फरक पाच मिनिटं शेजारी उभं राहिलं की कळतो. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये असेल तर कुठं टाकू नका, त्यात त्या बाईचा आणि पोराचा चेहरा आहे.

मुलांना पैसे द्यायचं म्हणता, तर जरूर द्या, टोळीबरोबर आलेल्या मुलांची शाळा सहा महिने बुडते आणि त्यांच्यासाठी फडाजवळ वर्ग चालवणारे लोक आहेत. पण बैलांचे काढून नको, अपराधी वाटतं म्हणूनही नको. माझं मत विचाराल तर दरमहाचे १५०० तसेच चालू ठेवा, कारण संस्थेला डॉक्टरचा पगार दर महिन्याला द्यायचा असतो आणि ठरलेला पैसा फार कामाचा असतो. बोनसमधले ३० हजार वरच्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक आली तर संस्थेला, १० हजार मुलांच्या वर्गाला आणि १० हजार आपल्याच पाणंदीला आणि हौदाला. सासऱ्यांना हा हिशेब कागदावर दाखवा.

फक्त वेळ सांभाळा. बहुतेक देणग्या मार्चमध्ये येतात, टॅक्ससाठी, आणि मार्चमध्ये टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. औषधं, लसी, पट्ट्या, रेडियम, जू हे सगळं टोळ्या यायच्या आधी घेऊन ठेवावं लागतं, म्हणून पैसे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पाठवा आणि सोबत लिहा की हे यंदाच्या हंगामाच्या खरेदीसाठी आहेत.